डायरीतली हाक

लिहा, लिहा. पोरांच्या मनाचं बघणाऱ्या मयूरी मॅडमनी सांगितलंय म्हटल्यावर लिहायलाच पायजे. मी ह्या भरती अकॅडमीचा राखणदार, फौजेतनं पेन्शनीत आलेला म्हातारा. तुमाला अडवणारा मी कोण? फकस्त नाथाजीचं एवढं ऐका, डायरीत कुणाला हाक मारू नका. का म्हणून इचारताय? मग पेन खाली ठेवा आन् ऐका.

अर्जुना ह्याच खोलीत असायचा, त्या खिडकीखालच्या खाटंवर. मेंढक्याचं पोरगं, वडूजच्या पल्याडच्या वाडीतलं. पळायला लय तेज. त्येचा थोरला भाऊ मल्हार मेंढरं रस्त्यापार नेताना ट्रकखाली गेला, तवा ह्यो मागं फोनवर बोलत हुता. तवापासनं झोप न्हाई, जेवण न्हाई, पळायला उभा केला की पाय लटलटायचं. आन् भरती तोंडावर आलेली. मॅडम म्हणल्या, रोज रात्री डायरी लिही. मनातलं लिही, उद्या काय करणार ते लिही, एक दिवस चुकवू नकोस. ह्येनं इचारलं, कुणाला लिहू? मॅडम म्हणल्या, जवळच्या कुणालाबी. ह्येनं वर लिहिलं, मल्हारदादा.

आन् खोटं कशाला बोलू, गुण आला. झोप लागाय लागली. पळण्याचा टाइम सुधारला. आमी सगळी खूश. त्येची आई हरणाबाई तेवढी धास्तावली. ती म्हणली, माती दिलेल्या माणसाला दिवा लागल्यावर नावानं बोलवायचं न्हाई, ही आपल्यातली रीत हाय. पोरगं हसलं. म्हणलं, आये, मी बोलवतो कुठं, नुसतं लिहितो.

गेल्या म्हैन्यातली गोष्ट. पौषातली अमावास्या, शनवारची रात. सुट्टीला घरी आलेला अर्जुना मेंढरांचं औषध आणायला वडूजला गेलता. दुकानात येळ झाला, शेवटची एसटी गेली, निघाला आपला चालत. थंडी हाडात शिरत हुती. निम्म्या वाटंवर एक मोरी लागती. मल्हार गेला ती. तिथं ह्येला आठवलं, आजचं लिहायचं राहिलंय. घरी जाईस्तवर दिवस उलटणार. बसला कठड्यावर. मोबाईलच्या उजेडात लिहिलं, "मल्हारदादा, लय थंडी वाजतीया. घरापातुर सोबतीला ये."

डायरी मिटली. उठला.

मागं काठी वाजली. डांबरावर. टक्... टक्...

ह्यो थांबला की थांबायची.

मागं वळून बघितलं न्हाई त्येनं. मला म्हणला, "नाना, आधी भ्या न्हाई वाटलं. बरं वाटलं. मग त्येचंच भ्या वाटलं..."

वाडी आली. मेंढरांची कुत्री उठली. भुंकली न्हाईत. अर्जुनाला वलांडून त्येच्या मागं गेली... शेपट्या हालवत.

हरणाबाईनं दार उघडलं. पोराच्या खांद्याकडं बघत राहिली. मग त्येनंबी बघितलं. अंगावर घोंगडी. काळी, लाल काठाची.

"ही म्या मल्हारवर घातली हुती," ती म्हणली. "मातीत."

मग तिनं पोराच्या मागं अंधारात बघितलं. लय येळ. तोंडात आलेलं नाव तिनं गिळलं. तिचंबी पोरगंच की रं ते... अर्जुनाला आत वढलं आन् कडी लावली.

रातभर दाराशी काठी वाजली. पहाटं थांबली.

दुसऱ्या दिसापासनं डायरी बंद, हितली खोलीबी सोडली, घरीच राहाय लागला. झोप परत गेली, पाय परत लटलटाय लागलं. मला बघवंना. मीच त्येला म्हणलं, लिही गड्या, पण नाव घालू नको. आता तसंच लिहितो. कालचं काय झालं, उद्याचं काय करायचं, बास. झोपतो, पळतो. पुढच्या आठवड्यात ग्राउंड हाय त्येचं, म्हंजी भरतीची पळायची परीक्षा. निघंल पोरगं.

घोंगडी टाकायला हरणाबाईचा हात धजला न्हाई. खुंटीला असती. कुणी पांघरायची न्हाई.

परवा पहाटं त्येला सरावाला न्यायला घरी गेलतो. हरणाबाई चुलीपाशी बसलेली. मी सहज घोंगडीला हात लावला... ऊन हुती. आताच कुणीतरी अंगावरनं काढल्यागत. मी इचारलं, "हरणाबाई, पोरगं तर नाव घेत न्हाई. मग रातचं घेतंय कोण?"

ती खाली मान घालून काड्यापेटी चाचपत राहिली. चूल अजून पेटायची हुती.