न बसणारा भराव

पामानुकानच्या पुढे, समुद्रापासून दहा-बारा किलोमीटर अलीकडे, भातखाचरांच्या मधोमध नव्या वेगवान गाडीच्या मार्गाचं काम चालू होतं. तिथली जमीन म्हणजे वर वीतभर कडक पापुद्रा आणि खाली चौदा मीटर लोण्यासारखी मऊ, काळी माती. तिच्यावर सहा मीटर उंच भराव घातला की तो बसणार हे ठरलेलंच. किती बसेल आणि बसायचा कधी थांबेल, हे आधी सांगायचं काम नीनिंग सुकाएसिहचं. एकोणीस वर्षं ती हेच करत आली होती.

ताशी तीनशेनं धावणाऱ्या गाडीखाली रूळ बोटाच्या पेराएवढेही खचून चालत नाहीत. म्हणून भरावाला जे काही बसायचं ते गाडी येण्याआधीच बसून घ्यावं लागतं. नीनिंग मातीत हजारो लांब वाती खुपसून आतलं पाणी वर काढायची, भरावावर दोन मीटर जादा माती टाकून तो दाबायची आणि मग वाट बघायची. वाट बघण्यात तिचा हात धरणारं खात्यात कोणी नव्हतं.

हाताखाली आलेल्या इमास या तरुण इंजिनिअर मुलीला हे सगळं तिनंच शिकवलं होतं.

एकशे बाराव्या किलोमीटरला भरावाचे दोन तुकडे होते, आठ-आठशे मीटरचे. पश्चिमेकडचा इमासकडे, त्याला लागून पूर्वेकडचा नीनिंगकडे. खाण एक, रोलर एक, नकाशाही एकच आणि तोसुद्धा नीनिंगच्या हातचा. भरावाच्या तळाशी लोखंडी प्लेटा पुरलेल्या, प्रत्येकीतून एक दांडा वर आलेला. दर मंगळवारी दांड्यांची उंची मोजायची, म्हणजे माती किती बसली ते कळायचं.

भराव घातल्यापासून सत्तेचाळिसाव्या दिवशी इमासचा तुकडा बसायचा थांबला. चारशे बारा मिलिमीटर. पुढच्या मंगळवारी चारशे बारा, त्याच्या पुढच्याही मंगळवारी चारशे बाराच. नीनिंगचा पाचशेच्या वर गेला होता आणि दर आठवड्याला आणखी तीन मिलिमीटर उतरत होता, पुस्तकात लिहिल्यासारखा.

"बू नीनिंग, माती तीच, नकाशा तोच," प्रकल्पप्रमुख पाक हर्दिमान बैठकीत म्हणाले. तिकडे बाईंना बू म्हणतात, साहेबांना पाक. "मग तुमचंच घोडं कुठे अडलंय?"

"माझं बरोबर चाललंय. तिचा का थांबला ते विचारा. मऊ माती दीड महिन्यात थांबत नसते."

"थांबली ना पण!" हर्दिमान हसले. "चांगल्याला कशाला नावं ठेवायची? डिसेंबरपर्यंत तुमचा थांबला नाही, तर तो काढून तिथे पूल घालू. आणि पुढच्या टप्प्याचं डिझाइन इमासकडे द्यावं म्हणतोय मी."

इमास मान खाली घालून बसली होती. एकतीस वर्षांची, चणीनं अगदी लहान. "मला तेतेहनीच शिकवलंय," ती हळूच म्हणाली. तेतेह म्हणजे थोरली बहीण. पहिल्या दिवसापासून ती नीनिंगला असंच म्हणायची. त्या दिवशी मात्र तो शब्द नीनिंगला झोंबला. शिकवलेलं पोरगं पुढे गेलं तर आनंद व्हायला हवा, हे तिला कळत होतं. आनंद होत नव्हता. घशात माशाचा काटा अडकावा तसं काहीतरी अडकलं होतं, आणि प्रत्येक मंगळवारी ते थोडं आणखी रुतत होतं.

इमास आकडे खोटे लिहिते, अशी तिची खात्री झाली. बुधवारी भर दुपारी मोजणीदाराला घेऊन ती स्वतः इमासच्या तुकड्यावर चढली. खारवलेल्या मासळीचा वास घेऊन वारा येत होता. उन्हानं भराव तव्यासारखा तापला होता. तिनं लेव्हलची दुर्बीण लावली, मोजलं. चारशे बारा. दुसऱ्या खुणेवरून मोजलं. चारशे बारा. अकराही प्लेटा मोजल्या. एकीतही केसाइतका फरक नाही.

"झालं समाधान?" मोजणीदार घाम पुसत म्हणाला.

ती उत्तर देणार एवढ्यात तिची नजर खाली गेली. दांड्याशेजारी अनवाणी पावलांचे दोन ठसे होते. लहान, जवळजवळ, बोटं स्पष्ट उमटलेली. वरची माती अठरा टनी रोलरनं दाबलेली होती. नीनिंगच्या जाड बुटांचा तिच्यावर ओरखडाही उठत नव्हता. तिनं खिशातलं पेन ठशात उभं धरलं. पेन अर्ध्यापर्यंत आत गेलं.

असे ठसे अकराही दांड्यांजवळ होते.

भरावाच्या पायथ्याशी मा इचिहची खाणावळ होती. मा इचिह सत्तरीची. तिची दोन खाचरं या मार्गात गेली होती. दुसऱ्या दिवशी नीनिंग जेवायला गेली तेव्हा इमास आत चटईवर बसली होती आणि बाकडी भिंतीला लावून ठेवलेली होती.

"हिला बाकड्यावर नका बसवू," मा इचिह वाढता वाढता म्हणाली. "तिसरं मोडलं काल. खाते चिमणीएवढं, आणि बसते म्हशीसारखी!"

इमास हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. चहाचा ग्लास तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

"कौतुकानं अंग धरलं वाटतं," नीनिंग म्हणाली.

"तेतेह, तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"मी कशाला रागावू? पाक हर्दिमानांची लाडकी तू."

उठताना इमासनं एक हात जमिनीला टेकला, मग दुसरा, आणि डोक्यावर पोतं असल्यासारखी सावकाश उभी राहिली. नीनिंगला बरं वाटलं. बरं वाटल्याची लाज वाटली, पण बरं वाटलं ते वाटलंच.

शुक्रवारी सकाळी दहाला ती उभ्या रोलरच्या आडोशाला थांबली. इमास आली. पहिल्या दांड्याजवळ तिनं बूट काढले, मोजे काढले, मातीवर पाय रोवले आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "तुला पेलवत नाही ते माझ्यावर दे."

तिचे गुडघे वाकले. पाठीवर कोणी ओझं ठेवताना हमालाचे वाकतात, अगदी तसे. मग ती हळूहळू सरळ झाली.

भरावाच्या कडेच्या गटारात वातींचं पाणी पाझरत होतं. सकाळभर त्याचा बारीक आवाज येत होता, हे नीनिंगला तो आवाज बंद झाल्यावर कळलं.

दुसरी कोणी असती तर घाबरली असती. नीनिंगच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते असं: हिनं जमिनीशीसुद्धा माझ्याआधी ओळख करून घेतली.

ती तडक खाणावळीत गेली. इमासचं ते वाक्य तिनं मा इचिहला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "हे काय आहे?"

मा इचिह मिरच्या वाटत होती. तिचा हात थांबला. "घर उभं करताना म्हणतो आम्ही. घरची बाई म्हणते. एकदाच."

"मग काय होतं?"

"आमचं बांबूचं घर असतं, बाई. दोन खोल्या." म्हातारीनं वरवंटा पुन्हा उचलला.

दुपारची बांग झाली. सगळे मशिदीत गेले. यंत्रं बंद पडली आणि भरावावर चिटपाखरूही उरलं नाही. नीनिंग आपल्या तुकड्यावर चढली, बूट काढले. तळव्यांना चटका बसला. पहिल्या दांड्याशी तिनं ते वाक्य चेष्टेनं म्हटलं. काही झालं नाही. तिला हसू आलं, आणि हसता हसता एकदम डोळ्यांत पाणी आलं. माझी एकोणीस वर्षं, आणि तिचा एक महिना! ती दुसऱ्या दांड्याकडे गेली. तिथे ती मनापासून म्हणाली.

"तुला पेलवत नाही ते माझ्यावर दे." आणि जरा थांबून, दात आवळून, "तिला दिलंस त्याहून जास्त दे."

आधी टाचांना कळलं. मग गुडघ्यांना, कमरेला, मानेला. दुखलं काहीच नाही. नुसतं कोणीतरी खांद्यावर हात ठेवला, आणि तो परत उचलला नाही.

मंगळवारी तिचा आकडा पाचशे एकेचाळीस आला. पुढच्या मंगळवारी पाचशे एकेचाळीस. त्याच्या पुढच्याही.

"मी म्हणत नव्हतो?" हर्दिमान टेबलावर थाप मारून म्हणाले. "पूल रद्द. बू नीनिंग, पुढचा टप्पा तुमचाच."

टाळ्या वाजल्या. नीनिंगनं इमासकडे पाहिलं. कितीतरी दिवस तिनं या क्षणाची वाट पाहिली होती. इमासचा उतरलेला चेहरा तिला बघायचा होता. इमासच्या चेहऱ्यावर दया होती.

बाहेर व्हरांड्यात इमासनं तिला गाठलं. "तेतेह, तुम्ही मागितलंत?"

"का? जमीन काय तुझ्या एकटीच्या मालकीची आहे?"

"हे थांबवायला मदत करा म्हणून सांगणार होते मी तुम्हाला. पण तुम्ही माझ्याशी बोलतच नव्हता." तिनं कठडा धरला. "परत घे म्हणून आता रोज सांगते मी तिला. ती घेत नाही."

"तू घाबरट आहेस, म्हणून," नीनिंग म्हणाली. जिना उतरताना लाकडाची पायरी तिच्या पायाखाली कडाडली. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

मग रूळ आले. नीनिंगनं घरचा पलंग काढला आणि ती फरशीवर झोपू लागली. मोटारसायकल विकली. नवरा काळजीनं तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं. एकोणपन्नास किलो. "अहो, उलट कमी झालंय वजन," ते म्हणाले. "जरा खात जा."

चाचणीची गाडी मार्चमध्ये निघाली. सकाळचे नऊ वाजले होते. पाहुण्यांसाठी स्टेशनाबाहेर मांडव घातला होता, केळीच्या पानात बांधलेला भात वाटत होते. भराव तिथून चौदा किलोमीटरवर होता. नीनिंग आणि इमास खुर्च्या सोडून सिमेंटच्या पायरीवर शेजारी शेजारी बसल्या होत्या. कित्येक महिन्यांत त्या एकमेकींशी नीट बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र दुसऱ्या कोणाजवळ बसावंसं दोघींनाही वाटलं नाही.

कर्ण्यावरून आवाज आला, "गाडी एकशे दहाव्या किलोमीटरला!"

इमासनं नीनिंगचं मनगट धरलं.

पुढची काही सेकंदं काहीच झालं नाही. मग इमासची बोटं एकदम आवळली. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. तोंड उघडं राहिलं, आवाज आला नाही. नीनिंग मनात मोजत होती. आठशे मीटर, ताशी तीनशे. सात. आठ. नऊ.

दहाला इमासचा हात सैल पडला.

"आता तुमचं," ती म्हणाली.

त्यानंतरचं नीनिंगला आठवत नाही. शुद्धीवर आली तेव्हा मांडवात टाळ्या वाजत होत्या, लांबुळक्या पांढऱ्या गाडीभोवती लोक फोटो काढत होते, आणि तिच्या बुडाखालची पायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली होती.

हर्दिमान गाडीतून उतरून धावतच आले. "ग्लासातलं पाणी हललं नाही, बू नीनिंग! भराव कधी आला, कधी गेला, कळलंसुद्धा नाही. जूनपासून दिवसाला अडुसष्ट गाड्या!" कोणीतरी हाक मारली आणि ते तसेच पुढे गेले.

"तेतेह," थोड्या वेळानं इमासनं विचारलं, "भरावाचं आयुष्य किती धरलंयत तुम्ही?"

नीनिंगनं ते स्वतःच्या हातानं अहवालात लिहिलं होतं, पहिल्याच पानावर.

"शंभर वर्षं."

इमासनं मान हलवली. गाडीच्या दुसऱ्या टोकाला चालक चढत होता. परतीची फेरी सव्वादहाला होती. स्टेशनावरच्या घड्याळात दहा वाजून सात मिनिटं झाली होती.

"जाताना आधी तुमचा तुकडा लागेल," इमास म्हणाली आणि आपलं मनगट तिच्यापुढे धरलं.