लोखंडी चव

बेकरीची भट्टी थंड होती. बायकोला दवाखान्यात नेलं त्या दिवशी बेकरीवाल्याने ती विझवली. बायको परत आली नाही, भट्टीही पेटली नाही.

आता दारात इन्स्पेक्टर बाई उभ्या होत्या. त्यांना घेऊन आला होता बायकोचा धाकटा भाऊ. चौकात त्याचं औषधांचं दुकान होतं. घरात त्याला सगळे मामा म्हणत.

मामाचं बोट सुनेकडे होतं. "ताईला गोळी रोज हीच द्यायची. साचे नवे आणले तरी ताईला पाव कडूच लागत होता. विष पावात नव्हतं बाई, हिच्या हातात होतं! आजच घेऊन जा हिला."

सून मैद्याच्या पोत्याला टेकून उभी होती. नवरा बोटीवर कामाला. तिच्या बाजूने बोलणारं घरात कोणी नव्हतं.

इन्स्पेक्टर बाईंनी डॉक्टरांचा अहवाल वाचला होता. स्नायू विरघळले, त्याने मूत्रपिंडं बंद पडली. रक्तात कोलेस्टेरॉलची गोळी नको तेवढी साचलेली.

"किती गोळ्या द्यायचीस?"

"एकच. आईंना एक, बाबांना एक. दोघांना तीच लिहून दिलीय. एकाच पाकिटातून काढायचे."

"बाबांना त्रास?"

"काही नाही. पण आता घेत नाहीत. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत."

बेकरीवाला भिंतीकडे बघत राहिला.

"आजार कसा सुरू झाला?" बाईंनी त्याला विचारलं.

"घसा बसला. ती गल्ल्यावरून हाक मारायची ती पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची. ती हाक बंद झाली. घसा सुटला आपोआप, पण पावाला लोखंडाची चव येते म्हणायला लागली. पहिला पाव रोज तीच चाखायची. मी साचे घासले. शेवटी जुने भंगारात घातले, नवे आणले. तरी तेच. मग अंग दुखायला लागलं, जिना चढवेना. लघवी काळ्या चहासारखी."

"गिऱ्हाइकांची तक्रार?"

"एकाचीही नाही."

"तुम्ही तो पाव खाल्लात?"

"रोज. मला तर चांगला लागायचा. त्यावरून भांडलो तिच्याशी."

"दवाखान्यात लगेच का नेलं नाही?"

सून म्हणाली, "मी म्हटलं होतं. आई म्हणाल्या, विचारून झालंय, भरपूर पाणी पी म्हणालेत. कोण म्हणालं ते सांगितलं नाही."

बाई मामाकडे वळल्या. "तुम्ही ताईंना शेवटचं कधी भेटलात?"

"महिना झाला. ना भेट, ना फोन. दुकान सोडून हलता येतं का?"

बाई निघून गेल्या. मामा सुनेला म्हणाला, "तयारी ठेव."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई परत आल्या. सोबत शिपाई होता. सुनेने चप्पल घातली.

"तू थांब," बाई म्हणाल्या. "पाव सगळ्यांनी खाल्ला, कडू एकटीलाच लागला. म्हणजे चव पावात नव्हती, तिच्या तोंडात होती. मी डॉक्टरांना विचारलं. घशाची एक अँटिबायोटिक गोळी आहे, ती घेतली की तोंडाला लोखंडाची चव येते. आणि तीच गोळी या कोलेस्टेरॉलच्या गोळीला शरीराबाहेर पडू देत नाही. रोजची एकच गोळी, पण साचत जाते. दवाखान्यात रक्त ठेवलेलं होतं. त्यात ते औषध सापडलं. घसा आपोआप सुटला नव्हता."

"कोणत्या डॉक्टरने दिली?" बेकरीवाल्याने विचारलं.

"कोणीच नाही. आणि नवे साचे आणल्याचं तुम्ही कोणाला सांगितलं होतं?"

"कोणालाच नाही. बेकरीवाल्याच्या घरात पाव कडू, हे काय गावभर सांगायचं?"

"मग महिनाभर भेट नाही, फोन नाही, त्या मामांना कसं कळलं? ताईंच्या फोनवर शेवटच्या आठवड्यातले कॉल त्यांचेच आहेत."

मामाचा चेहरा पडला. "ताईच मागायला आली... मला काय माहीत ती दुसरी गोळी घेते!"

"एक प्रश्न विचारला असता तर कळलं असतं. ती चूक झाली. पण लघवी काळी झाल्याचं ऐकलंत तेव्हा तुम्हाला सगळं समजलं. सगळे भट्टीवर असताना तुम्हाला इथे येताना शेजाऱ्यांनी पाहिलंय; घशाच्या गोळ्यांचं पाकीट उचलून नेलंत आणि पाणी पी म्हणालात. चिठ्ठीशिवाय औषध विकता म्हणून एकदा परवाना जाता जाता वाचला होता ना? 'गोळ्या बंद कर, आत्ता दवाखान्यात जा', एवढं म्हणायचं होतं."

"दाजी, मला वाटलं पाण्याने उतरेल..."

शिपायाने मामाचा दंड धरला.

दार लागल्यावर बेकरीवाला भट्टीपाशी जाऊन बसला. मग म्हणाला, "म्हणजे पाव चांगला होता."

"हो बाबा."

"तिला सांगायचं राहिलं."

सून रडायला लागली. त्याने रडू दिलं.

संध्याकाळी त्याने स्वतःच डॉक्टरांना फोन केला. मध्ये किती दिवस गोळी घेतली नाही ते सांगितलं, दुसरं कोणतंही औषध चालू नाही हेही सांगितलं. मग जेवायला बसला. जेवण झाल्यावर त्याने सुनेपुढे हात पसरला.

"सूनबाई, माझी गोळी दे. आणि पाणी."