स्वच्छ नमुना

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण माझा मामा थापा मारणाऱ्यातला नाही, आणि हे त्याच्याच बाबतीत घडलंय.

छोटं विमानतळ. एकच धावपट्टी, एक पत्र्याचं हँगर. मामा तिथे एकटाच मेकॅनिक.

आधी दोघं होते. मामा आणि त्याचे उस्ताद.

ही गोष्ट घडली त्याच्या चार हिवाळे आधी उस्ताद चाचणीसाठी विमानात बसले. उडताच इंजिन बंद पडलं... इंधनातल्या पाण्याचा बर्फ होऊन फिल्टर तुंबला होता. उस्ताद गेले.

त्या दिवशी इंधनात पाणी आहे का हे बघायला टाकीतला नमुना मामानेच बरणीत काढला होता. बरणीत पाण्याचा थेंबही नव्हता.

असणार कसा? पाणी टाकीतच गोठलं होतं.

तेव्हापासून मामा घुम्याच झाला. दिवसदिवस कुणाशी शब्द नाही.

मग ती सकाळ. आठ वाजले होते. ऊन होतं, पण थंडी हाडात शिरणारी. विमान रात्रभर उघड्यावर उभं. औषधं पोचवायची होती, वैमानिक पोरगी घाईत होती.

मामाने नमुना काढला. स्वच्छ.

"झालं ना काका? निघू?"

मामा हो म्हणणार, तोच...

टक. टक.

पंखाच्या आतून.

"ऐकलंस?"

"काय?"

टक. टक.

संशय आला की उस्ताद बरणीवर नखाने अगदी असंच वाजवायचे.

मामा पंखाखाली वाकला. कुणी नाही. पांढऱ्या दहिवरावर पावलं त्या दोघांचीच.

तो हळूच म्हणाला, "उस्ताद?"

...

टक.

मामा सरळ उभा राहिला. "इंजिन लावू नकोस."

"अहो, नमुना स्वच्छ आहे!"

"म्हणूनच."

विमान हँगरमध्ये ओढलं. हीटर लावला. तीन तासांनी पुन्हा नमुना काढला.

अर्धी बरणी पाणी.

पोरगीने बरणी हातात घेऊन दोनदा उजेडात धरली.

"बर्फ तडकला असेल, मामा," त्याने हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो.

"तडकला असेल की. पण बर्फ हाकेला ओ देतो का रे?"

"भीती नाही वाटली?"

"तेव्हा नाही. आता वाटते. त्यानंतर किती हाका मारल्या, पण एकदाही टक नाही..."



आता तो निवृत्त झालाय. तरी थंडी पडली की हँगरवर जायचा हट्ट धरतो. मीच सोडतो. तो पंखाला कान लावून उभा राहतो, एकटा. मी गाडीतून उतरत नाही.

परवा तो तसाच उभा असताना एकदम हसला... मान डोलावली.

काय ऐकलंस, हे मी अजून विचारलेलं नाही.