डावीकडची जागा

सख्ख्या भावाचं स्कॅन आपण करू नये, असा सेंटरचा नियम नव्हता. असता तरी वृषालीने तो मोडला असता. नगर-मनमाड रस्त्यावरच्या त्या सेंटरमध्ये ती सात वर्षं पेट स्कॅनचं मशीन चालवत होती आणि सम्राटला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची तिची तयारी नव्हती. शिवाय तिला त्याच्यावर मनसोक्त चिडायचं होतं. नागापूरच्या वर्कशॉपात लेथवर उभं राहून या शहाण्याने मानेतली गाठ आठ महिने कॉलरखाली लपवली होती. आपोआप जाईल, म्हणे. निघाला लिम्फोमा, गाठींचा कॅन्सर.

केमोची दोन चक्रं झाली होती. आजच्या स्कॅनवर पुढचं ठरणार होतं. गाठी विझल्या असतील तर औषध हलकं करायचं, नसतील तर आणखी जहाल द्यायचं, आणि ते त्याच्या अंगाला सोसेल की नाही हे कुणीच छातीठोक सांगत नव्हतं. शिरेतून दिलेली किरणोत्सारी साखर जिथे आजार जिवंत असेल तिथे जमते आणि पडद्यावर पेटते. पहिल्या स्कॅनमध्ये चार ठिपके पेटले होते. मानेत दोन, काखेत एक, छातीच्या हाडामागे एक. वृषालीला ते तोंडपाठ होते.

"मधी झोप की रे! घरची खाट हाय का ही?"

सम्राट मध्ये सरकला. दोन मिनिटांनी तिने काचेतून पाहिलं, तर पुन्हा उजव्या काठावर. आईची, विमलबाईंचीही हीच तक्रार होती. केमो सुरू झाल्यापासून पोरगा खाटेच्या कडेला चिकटून झोपतो, शेजारी माणूसभर जागा सोडून. वृषाली तरातरा आत गेली, खांद्याला धरून त्याला मध्यावर आणलं आणि पट्टा आवळला.

"ताई, लई दाटी व्हतीय गं."

"कसली दाटी? एकटाच तर हायेस."



वीस मिनिटांनी पडद्यावर चित्र उमटलं. मान स्वच्छ. काख स्वच्छ. छातीच्या हाडामागे यकृतापेक्षाही कमी उजेड, म्हणजे आजार विझलेला. वृषालीला खुर्चीतच रडू फुटलं आणि डोळे पुसता पुसता तिला ते दिसलं.

सम्राटच्या शरीराच्या डावीकडे, कातडीच्या बाहेर, टेबल संपतं तिथून पुढे, चार ठिपके होते.

तिने शिवी हासडली. लघवीचा थेंब असेल, नाहीतर इंजेक्शन सांडलं असेल. असले डाग नेहमीचेच. तिने चादर बदलली, सम्राटचा गाऊन बदलला, टेबल दोनदा पुसलं, मशीनचा आतला घेरही पुसला आणि पुन्हा स्कॅन लावलं.

ठिपके तिथेच होते. दोन वर, एक बाजूला, एक मध्ये. पहिल्या स्कॅनमधलीच मांडणी.

बाकीचे तीन रेखीव होते, पण मधला वर-खाली फिसकटलेला. सांडलेला थेंब असा फिसकटत नाही, तो जिथल्या तिथे पडून असतो. असं फिसकटणं तिने हजारो स्कॅनमध्ये पाहिलं होतं. श्वास घेणाऱ्या माणसाच्या छातीतच ते येतं.

सेंटरच्या डॉक्टर शेवाळ्यांनी चष्मा वर करून पडदा पाहिला. "डाग आहे," ते म्हणाले आणि माऊसने चित्राची चौकट आत ओढली. ठिपके दिसेनासे झाले.

"सर, सगळं बदलून परत केलंय मी. डाग नाहीये तो. असा कसा कापून टाकता?"

"मग शरीराबाहेरच्या आजारावर काय औषध देऊ, तूच सांग."

तिला भयंकर संताप आला. 'उपचाराला संपूर्ण प्रतिसाद' असा रिपोर्ट तिनेच छापला. तो पाकिटात घालून ती बाहेर पडली.

सम्राट बाहेर पार्किंगमध्ये उभा होता. रिक्षाने ये म्हणून चारदा बजावलं तरी हा गधडा मोटारसायकलवरच आला होता. तिने पाकीट त्याच्या छातीवर आदळलं.

"सुटलास. आईला आधी फोन कर."

तो हसला. पोरगा किती महिन्यांनी हसत होता. तिने इथेच गप्प बसायला हवं होतं.

"तुझ्या डाव्या बाजूला काय असतं रे?"

त्याचं हसू मावळलं. त्याने शर्टाची कॉलर नीट केली, गाठ लपवायचा तेव्हा करायचा तशी.

"असू दे ना, ताई. आता अंगात तर न्हाई."

"सम्राट, नीट सांग मला!"

"वरडू नको गं. ऐकू जातं."

तो गाडीवर बसला, चावी फिरवली आणि पुढे सरकून अगदी पेट्रोलच्या टाकीला खेटला. मागची सीट पूर्ण मोकळी झाली.

"मी न्हाई येत. ड्यूटी हाय माझी," वृषाली म्हणाली.

"तुला कुठं म्हणलो?"

तो क्षणभर थांबून राहिला.

मागची सीट हळूच खाली दबली. मग त्याने गिअर टाकला.