झाडाला टांगलेलं गाठोडं

"आपण असताना एक पिशवी इकडची तिकडे होणार नाय," विमानतळावर पाऊल ठेवताच सुभाषकाकांनी जाहीर केलं. "सगळं फुल कंट्रोलमध्ये. तुमी फक्त बसा."

विमानतळ म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, एक वजनकाटा आणि धावपट्टीवर चरणाऱ्या शेळ्या. विमान आलं की एक शिपाई शिट्टी फुंकत त्यांना हाकलायचा. बेट एवढंसं, विमान वीस माणसांचं, तेही आठवड्यातून दोनदाच.

बारा वर्षांची नमिता, तिची काशीआजी, काका आणि काकांचा केतन दिवाळीच्या सुट्टीत उलव्याहून इथे आले होते ते आजोबांच्या हट्टापायी. उलव्याजवळ विमानतळ होणार अशी बोलणी चालली होती. "आपल्या शेतावर काय उतरनार हाय, त्यात एकदा बसून तरी बघू," आजोबा म्हणाले होते. सगळा प्रवास ते खिडकीला नाक लावून होते. आणि बेटावरच्या दुसऱ्या दिवशी दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

त्याला आज आठवा दिवस. आजोबा आता लाल फडक्यात बांधलेल्या तांब्याच्या गडूत होते. दहाव्याला अस्थी उलव्याच्या खाडीत सोडायच्या होत्या. हे विमान चुकलं तर पुढचं थेट चार दिवसांनी.

काशीआजी दारातच थांबली. अस्थी छपराखाली नेत नाहीत, गावात असतो तर घराबाहेरच्या झाडाला टांगल्या असत्या, मग इथेही झाडालाच, असं तिचं म्हणणं. काकांनी समोरच्या बदामाच्या फांदीला गाठोडं टांगलं आणि आजी पायरीवर बसून त्याच्याकडे बघत राहिली.

काउंटरवरच्या साहेबांनी सामानाचे टॅग काकांच्याच हातात दिले. काकांना कोण आनंद झाला! त्यांनी चारही बॅगांना टॅग बांधले, केतनच्या टोपीलाही बांधला. मग प्रवाशांची वजनं घ्यायला सगळ्यांना आत बोलावलं. आजीला काट्यावर उभं राहायला पाच मिनिटं लागली. ती बाहेर आली, तर फांदी मोकळी.

आजी पदर तोंडाशी धरून पायरीवर बसली.

काका मात्र शेळ्यांवर घसरले. एका शेळीच्या तोंडात काहीतरी लाल दिसलं, तसे तिच्यामागे धावपट्टीवर धावले. शिपाई शिट्टी फुंकत काकांच्या मागे धावला. शेळीने तोंड उघडलं, तर त्यात जास्वंद!

नमिता झाडाखाली वाकली. वाळूत दोन चाकांच्या रेघा होत्या, सरळ विमानाकडे गेलेल्या.

"सामानाची हातगाडी," केतन म्हणाला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढून टॅगकडे बघितलं. "पप्पा, तुमी गाठोड्याला पन टॅग लावलेला?"

धापा टाकत आलेल्या काकांनी खिशातले उरलेले टॅग चाचपले. झाडावर असलं म्हणून काय झालं, आपलंच सामान ते, असं काहीतरी पुटपुटले. हमालाने टॅग बघितला, विसरलेलं सामान म्हणून काढून घेतलं आणि विमानाच्या पोटात नेऊन टाकलं. त्या बिचाऱ्याची काय चूक?

साहेब म्हणाले, दार बंद झालं, आता एका गाठोड्यासाठी उघडणार नाही, पोचेल बरोबर. पण अस्थी जमिनीला टेकवायच्या नसतात, कोणीतरी हातात धरायच्या असतात, आणि आजोबा तिथे कोणाच्या तरी ट्रंकेखाली पडले होते. 

साहेबांची वेगळीच रड चालू होती. विमानात तीस किलो जास्त झालं होतं, कोणीतरी सामान मागे ठेवा म्हणून ते विनवत होते. सगळे प्रवासी छपराचे पत्रे मोजत होते.

"आमच्या बॅगा काढा," नमिता म्हणाली. "चारही. पण आमच्या कुठल्या, ते मीच दाखवणार."

साहेबांनी तिला जवळजवळ उचलूनच विमानापाशी नेलं. दार उघडलं. नमिता आत शिरली. सुक्या बोंबलांच्या करंडीमागे लाल फडकं दिसलं. तिने ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"चला आजोबा," ती हळूच म्हणाली आणि तेव्हा कुठे आठ दिवसांत पहिल्यांदा रडली.

बॅगा बाहेर आल्या, गाठोडंही आलं. साहेबांना कळलं तेव्हा ते हसले आणि पोरांना म्हणाले, माझ्या जागी तुम्हालाच बसवायला पाहिजे. काकांनी दोघांची पाठ थोपटली, पण नजरेला नजर दिली नाही. आजीने आपल्या शेजारची जागा नमिताला दिली.

"पोरी, तू होतीस म्हनून," ती म्हणाली.  मुंबई येईपर्यंत गडूवर दोघींचे हात होते.

बॅगा पुढच्या आठवड्यात आल्या. चारातल्या दोन दुसऱ्याच कोणाच्या होत्या, टॅग मात्र काकांनीच बांधलेले.

त्याआधी, दहाव्याला, सगळे खाडीवर गेले, तेव्हा ओहोटी होती. पाणी लांब गेलं होतं. गुडघाभर चिखलातून आजोबांना पाण्यापर्यंत पोचवलं, पण जाताना सुभाषकाकांची डावी चप्पल रुतली, ती निघाली नाही.