डबी वापरणारा शिंपी

"एक शिंपी हवाय," साहेब फोनवर म्हणाले. "आणि लवकरात लवकर."

"कोट उसवला का, साहेब?" बाईंनी विचारलं.

"थट्टा नको. व्यासपीठावर बसवायला हवाय. मंत्री येणार, सत्कार होणार. त्या बॉबिनच्या डबीने ज्याचं भलं झालंय असा एक शिंपी शोधून आणा. शेकडो खपल्यात म्हणे. कुठलाही चालेल."

बाईंनी पर्स उचलली. छोट्या उद्योगांना संशोधनासाठी सरकार अनुदान देई. त्या पैशांतून पुढे किती माल खपला, किती हातांना काम मिळालं, हे मोजण्याचं काम बाईंकडे होतं. कार्यालयात सगळे त्यांना पाठीमागे 'फुटपट्टी' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

डबीचा अहवालही त्यांचाच. यंदाचा सगळ्यात चांगला निकाल. शिलाई मशीनला ही डबी बसवली, की खालच्या बॉबिनचा दोरा संपताच मशीन आपोआप थांबे. एरवी शिवणारा आपला शिवतच राहतो आणि कापडाला पडतात नुसती भोकं. सुरुवातीचे काही महिने सोडले, तर खप वर्षभर चढता होता. आता दुसऱ्या टप्प्याचं, पहिल्याहून कितीतरी मोठं अनुदान जाहीर व्हायचं होतं.

दुपारपर्यंत बाईंनी शिंप्यांची अख्खी गल्ली पालथी घातली. डबी कोणाकडेच नव्हती.

"ऐकलंय तिच्याबद्दल," एक जण कात्री न थांबवता म्हणाला. "घ्यायला गेलो होतो. संपली म्हणाले."

"पुन्हा गेला नाहीत?"

"गेलो की. पुन्हा संपलेली. मग नाद सोडला."

बाईंना आधी बरं वाटलं. माल टिकत नाही म्हणजे खप जोरात आहे. मग वाटलं, पण वापरतंय कोण?

डबी बनवणाऱ्याचा कारखाना म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरची एक लांबट खोली. त्याला सगळे इंजिनिअर म्हणत. चाळिशीकडे झुकलेला, हसरा, आणि बोलता बोलता अंगठ्याचं नख कुरतडणारा.

"गिऱ्हाइकांचे पत्ते आमच्याकडे नसतात, मॅडम. आम्ही दुकानांना देतो, ते विकतात."

"दुरुस्तीला आलेली एखादी डबी?"

"नाही."

"बसवायची कशी, असं विचारणारा फोन?"

"तोही नाही." तो हसला. "एकही तक्रार नाही. तेच तर आमचं वैशिष्ट्य."

बाई हसल्या नाहीत. शेकडो लोकांनी एखादी वस्तू घेतली आणि एकानेही कुरकुर केली नाही, असं त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. जोडणीच्या टेबलावर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा होता. सोल्डरिंगच्या सामानावर धुळीचा थर होता.

"सध्या काम बंद आहे?"

"छे छे! आज सकाळीच चौकातल्या दुकानात माल टाकला." मग बाईंची नजर कोपऱ्यातल्या जेवणाच्या डब्याकडे गेलेली पाहून तो म्हणाला, "ताईने दिलाय. सरकारी दवाखान्यात नर्स आहे. आईवडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. तिनेच वाढवलं. अजून तिच्याकडेच राहतो."

चौकातला दुकानदार शिलाई मशीनचे सुटे भाग विकायचा. डबीचं नाव काढताच तो खुलला.

"सोन्यासारखं गिऱ्हाईक, बाई! घासाघीस नाही, उघडून बघणं नाही. माल आला की दुसऱ्या दिवशी फळी साफ."

"शिंपीच असतात ना?"

दुकानदार थबकला. "आता तुम्ही विचारलंत म्हणून... मागे एक आला, त्याचा हात प्लॅस्टरमध्ये. एका बाईच्या गळ्यात कसलासा भेटीचा पास लटकत होता, काढायला विसरली असेल. एकाच्या हातावर कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी. शिंपी म्हणाल तर... ते येतात, पण माल संपल्यावर. त्यांना नाही म्हणायचं माझ्या जिवावर येतं."

"मग जास्त का नाही मागवत?"

"मागवतो हो. तो देईल तेवढंच येतं."

दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. बाईंनी फळीवरच्या डब्या उतरवल्या, पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली आणि प्रत्येक डबीच्या पाकिटाला तळाशी एक लाल ठिपका दिला. आपण चोरी पकडतोय की करतोय, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

दुसऱ्या दिवशी फळी रिकामी होती. बाई थेट सरकारी दवाखान्यात गेल्या.

इंजिनिअरची ताई वॉर्डाच्या दाराशी घरी निघालेल्या एका म्हाताऱ्याच्या मुलाला औषधं समजावून देत होत्या. औषधांबरोबर त्यांनी त्याच्या हातात घडी केलेल्या नोटाही ठेवल्या आणि हळू आवाजात कुठलासा रस्ता सांगितला. तो गेल्यावर बाई पुढे झाल्या.

"सिस्टर, तुमच्या घरी शिलाई मशीन आहे?"

"नाही. का हो?"

"त्या मुलाला पैसे दिलेत तुम्ही."

"उसने घेतले होते. परत केले."

"आणि दुकानाचा पत्ता? तोही उसनाच?"

ताईंनी हातातला थर्मामीटर झटकला. पुन्हा झटकला. "माझी ड्यूटी चालू आहे," एवढंच म्हणून त्या आत गेल्या. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

कोडं सुटलं, असं कोणालाही वाटलं असतं. बाईंना वाटलं नाही. जोडणीच्या टेबलावरचे ते इस्त्रीचे कपडे त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

आठवड्याभरात पुलापलीकडच्या दुसऱ्या एका दुकानात नवा माल आला. बाईंनी एक डबी हातात घेतली आणि उलटी केली.

तळाला लाल ठिपका होता.

त्यांनी साहेबांना फोन लावला. "शिंपी नाही सापडला. पण कारखान्यात या. आणि फोटोवाल्याला आणू नका."

साहेब आले ते घुश्शातच. इंजिनिअर टेबलामागे उभा राहिला. ताईंनाही बाईंनीच बोलावलं होतं. त्या दाराजवळच्या स्टुलावर कशाबशा टेकल्या.

बाईंनी ठिपकेवाली डबी टेबलावर ठेवली.

"या डबीला एकही तक्रार का आली नाही? कारण ती कोणी वापरलीच नाही. चौकातल्या दुकानात घ्यायला यायची ती माणसं प्लॅस्टरमधली, भेटीचा पास लटकवलेली, नुकतीच सलाईन निघालेली. सगळी दवाखान्यातून आलेली. पैसे ताईंचे. घरी जाता जाता लोक त्यांचं एवढं काम करायचे. कारण विचारायचं कोणाच्या मनातही येत नसे. खरं ना, ताई?"

ताईंनी मान खाली घातली. "पहिले काही महिने एकही खपली नव्हती. हा जेवेना, बोलेना. मला भीती वाटायला लागली. म्हटलं, चार घेऊ. त्या संध्याकाळी भाऊ माझा पोटभर जेवला." त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "त्याचा काही दोष नाही. जे केलं ते मी केलं."

"मायेपोटी झालेली गोष्ट," साहेबांनी घसा साफ केला. "म्हणजे फसवणूक अशी काही..."

"थांबा, साहेब. ही डबी मी खूण करून ठेवली होती चौकातल्या दुकानात. ती ताईंनी विकत घेतली. मग ती पुलापलीकडच्या दुकानात नवा माल म्हणून पोचली कशी? ताईंना दुकानं माल पाठवत नाहीत. दुकानांना माल पाठवणारा माणूस एकच. आणि त्याच्या टेबलावर कपडे आहेत, सोल्डरिंगवर धूळ आहे. इथे कितीतरी दिवसांत एकही डबी बनलेली नाही."

इंजिनिअरने डबी उचलली आणि तळाचा ठिपका अंगठ्याने घासून पाहिला.

"बॅग काढायला घरी माळ्यावर चढलो होतो," शेवटी इंजिनिअर म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. "सगळ्या तिथे होत्या. पाकिटंसुद्धा फोडलेली नव्हती. त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवा माल बनवायला पैसे नव्हते, आणि खोलीचं भाडं थकलेलं. म्हटलं, एकदाच. यातल्याच थोड्या दुकानात टाकू."

"आणि पुन्हा त्या विकत घेतल्या कोणी?"

त्याने बहिणीकडे पाहिलं नाही. "तिने."

"म्हणजे त्याच डब्या फिरत राहिल्या," बाई म्हणाल्या. "ताईंचा पगार दुकानात, दुकानातून तुमच्याकडे. खप चढतच होता. आणि त्या खपावर तुम्ही दुसऱ्या अनुदानाचा अर्ज केलात. ताईंनी आपल्या पैशांनी तुम्हाला फसवलं. तुम्ही सगळं माहीत असताना सरकारला फसवलंत. मी आले तेव्हा एकही तक्रार नाही म्हणून हसलातही."

मग त्या ताईंकडे वळल्या. "ताई, माळ्यावरचा ढीग वाढत नाही, हे तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळत होतं."

इंजिनिअरने झटकन वर पाहिलं.

"मला वाटायचं, आज बोलेल, उद्या बोलेल," ताई म्हणाल्या. "तो म्हणायचा, धंदा मस्त चाललाय. मी म्हणायचे, आणखी वाढू का? एवढंच बोलायचो आम्ही."

साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले होते. "पत्रिका छापून झाल्यात," ते बाहेर बघत पुटपुटले. "हे आपल्या चौघांतच राहिलं तर? हजार उद्योगांत एखादा असा निघतोच."

"माझ्या अहवालावर माझी सही आहे, साहेब. एका नर्सच्या पगाराला मी उद्योगाची वाढ म्हटलंय. वर शाबासकी घेतलीय. उद्या तो अहवाल मीच मागे घेणार आहे."

साहेबांनी वाद घातला नाही. बाईंच्या नजरेला नजर न देता ते बाहेर पडले.

"अर्ज मी परत घेतो," इंजिनिअर म्हणाला. "चौकशीत काय ते खरं सांगतो. तसंही ही डबी कोणालाच नको होती. ते तरी आता लपवायला नको."

बाई उठल्या होत्या, त्या पुन्हा बसल्या. हे सांगितल्याने त्याला बरं वाटेल की आणखी लागेल, त्यांना ठरवता येईना. पण न सांगणं म्हणजे आणखी एक लपवाछपवी झाली असती.

"पहिल्यांदा नको होती. नंतर हवी होती. गल्लीतले शिंपी दुकानात जाऊन परत येतात. माल नसतो. ताई सगळा उचलतात, आणि तुम्ही नवा बनवत नाही. खरं गिऱ्हाईक दाराशी येऊन रिकाम्या हाताने परत गेलं."

"किती होते?"

"ते आता कोणालाच मोजता यायचं नाही."

ताईंच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. इंजिनिअर टेबलाची कड धरून उभा होता. लहान मुलासारखी त्याची हनुवटी थरथरली, पण रडणं त्याने आत ढकललं.

बाईंना तिथे बसवेना. दुसऱ्याच्या घरातली उघडी कपाटं पाहिल्यासारखं त्यांना झालं होतं. त्या दारापर्यंत गेल्या तेव्हा मागून त्याचा आवाज आला.

"ताई, मी आज घरी जेवायला येत नाही."

"ये," ताई म्हणाल्या. आवाज फुटका होता, पण त्यांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. "पण धंदा कसा चाललाय ते आज मी विचारणार आहे."