श्रेणिकच्या गालावरचा हिरवा उजेड

जांभळा दिवा लागला आणि श्रेणिकचा गाल हिरवा चमकला.

आता तुम्हीच सांगा, माणसाचा गाल कधी असा चमकतो का? काजवा चमकला तर आपण टाळ्या पिटतो. पण सांगलीच्या मगदुमांच्या चार वर्षांच्या पोराचा गाल चमकायचं कारणच काय? गेले चार दिवस रोज सकाळी रुग्णालयात आणून याच दिव्याखाली त्याचा गाल तपासला जात होता, आणि रोज तो काळाभोर दिसत होता. आज मात्र डोळ्याखालच्या जखमेच्या एका टोकापासून हिरवा उजेड फाकला होता.

शेजारी उभी असलेली त्रिशला एकदम पुढे वाकली. ती श्रेणिकची अकरा वर्षांची बहीण.

"प्रतिदीप्ती आढळली," रफू म्हणाला. (प्रतिदीप्ती म्हणजे एखाद्या पदार्थाने एका रंगाचा प्रकाश गिळायचा आणि दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकायचा.) "जंतुसंसर्गाची शक्यता ऐंशी टक्के."

रफू हा त्या रुग्णालयातला यंत्रमानव. सहा बारीक हात, प्रत्येक हाताच्या टोकाला भिंग. त्याचं नाव ठेवलं होतं डॉक्टर शिरीन मुजावर यांनी. या बाई तीस वर्षं एकाच प्रश्नामागे लागलेल्या होत्या : जखम भरते, मग खूण का उरते?

पहिल्या दिवशी त्रिशलाने त्यांना हेच विचारलं होतं. श्रेणिक अंगणात धावताना गोठ्याच्या पत्र्यावर आपटला होता आणि डोळ्याखाली चांगलं बोटभर कापलं होतं. डॉक्टरबाईंनी तेव्हा तिला खुर्चीवर बसवून नीट सांगितलं होतं.

"हे बघ पोरी, सदरा फाटला तर दोन गोष्टी करता येतात. घाईत असशील तर ठिगळ लावतेस. वेळ असेल तर रफू करतेस, म्हणजे मूळ कापडासारखेच उभे-आडवे धागे विणतेस. आपल्या त्वचेतही धागे असतात, कोलॅजेनचे. ते चटईसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. ते विणतात तंतुपेशी (त्वचेत राहणाऱ्या सूक्ष्म विणकरणी म्हण). जखमेच्या कडा ताणल्या गेल्या की या पेशींना वाटतं, आता घर फुटतंय! मग त्या घाईघाईने सगळे धागे एकाच दिशेने ओढून मोकळ्या होतात. झालं ठिगळ. त्यालाच आपण व्रण म्हणतो."

"मग राहू दे की ठिगळ. दिसलं तर दिसलं," त्रिशला म्हणाली होती.

"दिसण्याचं मी बघत नाही गं. हा वाढणार. चेहरा वाढेल, पण ठिगळ वाढत नाही, ते आक्रसतं. डोळ्याखालीच असल्यामुळे ते खालची पापणी ओढून धरील. मग याचा डोळा पुरता मिटणार नाही. झोपेतसुद्धा उघडा. उघडा डोळा सुकतो, आणि सुकलेल्या डोळ्याची नजर जाऊ शकते."

म्हणून श्रेणिकच्या गालावर पापुद्रा लावला होता. कांद्याच्या पापुद्र्याएवढीच पातळ पट्टी, पण फार हुशार. ती दोन्ही कडा जवळ धरून सगळा ताण स्वतःवर घ्यायची. ताण गेला की तंतुपेशींची घाई जाते आणि त्या निवांत विणायला बसतात. सात दिवस पापुद्रा हलवायचा नाही, त्याखाली काहीही जाऊ द्यायचं नाही, एवढीच अट.

आज पाचवा दिवस होता, आणि गाल हिरवा चमकत होता.

"काय झालंय, डॉक्टरबाई?" श्रेणिकच्या पलीकडे उभ्या असलेल्या आईने विचारलं.

"एक जंतू आहे, वहिनी. या दिव्याखाली असाच हिरवा दिसतो. मोठा द्वाड आहे. डोळ्यापर्यंत पोचला तर अवघड होईल."

"उपाय?"

उत्तर रफूने दिलं. "पापुद्रा काढून तीव्र औषधाने जखम धुणे. एका तासाच्या आत. औषधाने जंतू मरतील. नव्या तंतुपेशीही मरतील."

"म्हणजे मग ठिगळ!" त्रिशला ओरडली.

बाईंनी जखमेतला थेंबभर द्रव काढून तपासायला पाठवला. पण त्या तपासणीला सहा तास लागणार होते आणि हातात होता एक. रफूने औषधाची बाटली काढून ट्रेमध्ये ठेवली.

त्रिशलाची नजर त्या बाटलीवरून हटेना. कारण त्या खोलीत एक गोष्ट फक्त तिलाच ठाऊक होती. काल दुपारी आई कपडे वाळत घालत होती. श्रेणिक "खाज येतीय, ताई, खाज येतीय" म्हणून रडत होता. पापुद्र्याचं एक टोक किंचित उचललं गेलं होतं. आणि मगदुमांच्या घरात, जिथे पप्पांचा हळदीचाच व्यापार, तिथे ढोपर फुटो, बोट कापो, औषध एकच! तिने साजूक तुपात चिमूटभर हळद कालवली आणि काडीने हळूच त्या टोकाखाली सारली. टोक परत दाबून बसवलं. श्रेणिकचं रडणं थांबलं. आपण किती शहाण्या, असं तिला तेव्हा वाटलंही होतं.

आता सांगायचं कसं? आई काय म्हणेल? आणि आपल्याच हातून जंतू आत गेला असला तर? सांगितलं नाही तर कोणाला कधी कळणारही नाही, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं. रफूचा एक हात पापुद्र्याकडे वळला. श्रेणिकने घाबरून ताईचा फ्रॉक घट्ट धरला.

"थांबा!" त्रिशला म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "मी हळद लावलीय. तुपातली. काल."

"काय केलंस गं बाई हे!" आई मटकन खाली बसली.

डॉक्टरबाई रागावतील म्हणून त्रिशलाने डोळे मिटून घेतले. पण बाईंनी तिचे दोन्ही खांदे धरले. "कुठल्या टोकाला?"

"नाकाकडच्या."

"रफू, उजेड कुठून सुरू होतो?"

"नाकाकडच्या टोकापासून."

"हळदसुद्धा या दिव्याखाली चमकते," बाई पुटपुटल्या. "आणि तूप गालाच्या उबेने पातळ होऊन पसरलं असणार. रफू, तुझ्या हिशेबात हळद होती का?"

"नव्हती. रुग्णाने काही लावले नसल्याची नोंद आहे."

"पण ही हळदच आहे, हे ठरवायचं कसं?" बाई स्वतःशीच बोलल्या.

त्रिशलाने नाक पुसलं. "हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. माझ्या शाळेच्या शर्टाचं झालं होतं तसं. जंतूचं पण होतं का?"

बाई गर्रकन तिच्याकडे वळल्या. "नाही होत. अल्कलीने (साबण, सोडा, चुना यांच्या जातीच्या पदार्थाने) हळद लाल होते, हा जंतू नाही होत. शाब्बास! चुना तर साबणापेक्षा बरा." असं म्हणून त्यांनी जरा इकडेतिकडे बघत कोटाच्या खिशातून चुन्याची इवलीशी डबी काढली.

"रुग्णालयात पान खाण्यास मनाई आहे," रफू म्हणाला.

"गप रे. कागद दे."

रफूने टोकाखालचा तेलकट ओशट अंश कागदावर टिपला. कागद गालापासून लांब, टेबलावर ठेवला. त्यावर चुन्याचं पाणी पडलं. एक, दोन, तीन... पिवळा डाग लालभडक झाला.

आईने हात जोडले. पण बाईंचा चेहरा सैल झाला नव्हता.

"हळद आहे, एवढंच कळलं. हळद आहे म्हणून जंतू नाहीच, असं होत नाही. दोन्ही असू शकतात."

"मग?" त्रिशलाने विचारलं.

"तूच विचार कर. हळद आणि जंतू यांत मोठा फरक कोणता?"

त्रिशलाने डोकं खाजवलं. "जंतू... जिवंत असतो?"

"आणि जिवंत असतो तो वाढतो! पाऊण तासात दुपटीला येतो. हळद बिचारी आहे तिथे पडून राहते. रफू, उजेड मोज. मग ते तूप सौम्य द्रवाने अलगद टिपून घे, पापुद्रा न हलवता. उरलेला उजेड परत मोज, आणि चाळीस मिनिटांनी पुन्हा. वाढला, तर ती बाटली."

ती चाळीस मिनिटं काही केल्या सरेनात. तूप टिपल्यावर उजेड पुष्कळ घटला, तरी टोकाशी हिरवट रेघ राहिलीच. आई एकही शब्द बोलत नव्हती, आणि रागावण्यापेक्षा तेच त्रिशलाला जास्त लागत होतं. श्रेणिक मात्र रफूचे हात परत परत मोजत होता आणि दर वेळी पाचच भरत होते.

जांभळा दिवा पुन्हा लागला.

"उजेड तेवढाच," रफू म्हणाला. "वाढ शून्य."

बाईंनी स्वतःच्या हाताने बाटली उचलून कपाटात ठेवली. आईने त्रिशलाला जवळ ओढलं, पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला सोडलंच नाही. संध्याकाळी तपासणीचा निकाल आला, त्यातही जंतू नव्हता.

सातव्या दिवशी पापुद्रा निघाला. गालाची त्वचा गुलाबी आणि सपाट होती. फक्त नाकाकडच्या टोकाला, जिथे टोक उचकटलं होतं, तिथे तिळाएवढी कडक खूण होती.

"ही माझ्यामुळे ना?" त्रिशलाने हळूच विचारलं.

"हो, तुझ्यामुळे," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता यायचं नाही. "आणि हा बाकीचा सगळा गाल, तोही तुझ्यामुळेच. तू बोलली नसतीस तर मी तो माझ्या हातांनी बिघडवला असता."

त्या दिवसापासून रफू प्रत्येक रुग्णाला आधी एक प्रश्न विचारू लागला : "घरचं काही लावलंय का? सांगा, मी रागावणार नाही." बाईंनी तो प्रश्न त्रिशलाकडूनच लिहून घेतला होता. आणि काय आश्चर्य, लोक सांगूही लागले! कोणी कोरफड, कोणी दंतमंजन. बाईंनी त्या सगळ्यांचे उजेड मोजायला घेतले, कारण कुठल्या घरात काय लावतात हे कळलं, तर पुढचा पापुद्रा आणखी शहाणा करता येणार होता.

पण हे सगळं पुढचं. त्या सातव्या दिवशी बाई म्हणाल्या, "श्रेणिक, डोळे मीट बघू."

श्रेणिकने डोळे मिटले. आई खाली वाकली, अगदी जवळून बघू लागली. दोन्ही पापण्या एकमेकींना पुरत्या टेकल्या होत्या. मधे दोरा शिरेल एवढीही फट नव्हती.

"उघडू का आता?" श्रेणिकने विचारलं.

"थांब रे जरा," त्रिशला म्हणाली, "मला अजून बघू दे."